जुनी पद्मिनी का तापते? आणि ती बनवणाऱ्या कंपनीमागचे वालचंद हिराचंद

फोनवर गेम खेळता खेळता तो तापला की प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करतो, स्क्रीन मंद होते, कधी कधी वॉर्निंगही येते. जुन्या गाडीला ही अक्कल नसते. ती तापते, तापत राहते, आणि तुम्ही काट्याकडे बघितलं नाही तर थेट हेड गॅस्केट उडवून मोकळी होते.

मीरा रोडला आमच्या सोसायटीत एका काकांकडे अजून प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या उन्हाळ्यात दहिसर चेकनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये ती वाफ सोडायला लागली. एका गॅरेजने इंजिन खोलावं लागेल असं सांगितलं. म्हणजे खर्च एवढा, की काकांच्या घरी गाडी भंगारात द्यायची चर्चा सुरू झाली. मी आणि काका मिळून आधी कूलिंग सिस्टिम तपासायची ठरवलं. त्या निमित्ताने ही गाडी मुळात आली कुठून हे वाचत गेलो आणि वालचंद हिराचंद या माणसात अडकलो. आज दोन्ही गोष्टी सांगतो.

वालचंद यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा, सोलापूरचा. गुजरातमधून व्यापारासाठी सोलापुरात स्थायिक झालेलं दोशी हे जैन कुटुंब. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. वालचंदना त्यात रस नव्हता. कॉलेज अर्धवट सोडून त्यांनी रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. सोबतीला होते रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक. पहिलं काम बार्शी लाइट रेल्वेचं. पुढे व्याप इतका वाढला की भोर घाटातले रेल्वेचे बोगदे आणि तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणारी पाइपलाइन, अशी कामं त्यांच्या कंपनीने केली. 1926 मध्ये त्यांनी इंडियन ह्यूम पाइप काढली. तिचे सिमेंटचे पाइप तुम्ही रस्त्याच्या कडेला पडलेले नक्की पाहिले असतील.

1919 मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं एक जहाज विक्रीला आहे असं त्यांच्या कानावर आलं. नाव लॉयल्टी, आणि पहिल्या महायुद्धात ते हॉस्पिटल म्हणून वापरलेलं. वालचंदनी भागीदार जमवले, जहाज घेतलं आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. 5 एप्रिल 1919 ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. हा दिवस 1964 पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाज मात्र धंद्यासाठी बरं निघालं नाही. 1923 मध्ये ते भंगारात गेलं. कंपनी टिकली, आणि ब्रिटिश जहाज कंपन्यांशी भाड्याच्या दरावरून वर्षानुवर्षं झुंजत राहिली. मधल्या काळात रावळगाव आणि वालचंदनगरला साखर कारखाने झाले. रावळगावची चॉकलेटं तुमच्या आईबाबांना विचारा!

आता गाडीकडे येतो. भारतात गाड्यांचा कारखाना हवा हा आग्रह विश्वेश्वरय्या आधीपासून धरत होते. वालचंदनी तो विषय उचलला आणि 1939 मध्ये अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी जमली नाहीत, पण क्रायसलर तयार झाली. गंमत म्हणजे त्याच प्रवासातून परतताना विमानात त्यांची विल्यम पॉली या विमान उद्योगातल्या अमेरिकन माणसाशी गाठ पडली, आणि 1940 च्या डिसेंबरमध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू झाली. आजची एचएएल ती हीच. 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घातला गेला. तिथलं पहिलं जहाज जलउषा 1948 मध्ये पाण्यात उतरलं.

म्हणजे विमान झालं, जहाज झालं, आणि गाडी तेवढी अडली. युद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारला भारतात गाड्यांचा कारखाना होणं महत्त्वाचं वाटत नव्हतं. परकीय चलन नाही, यंत्रं आणायला परवानगी नाही. माझ्या मते वालचंदच्या आयुष्यातला सगळ्यात चिकाटीचा भाग हाच. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी 1944 मध्ये झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायसलरच्या सहकार्याने जोडलेल्या गाड्या बाहेर पडायला 1947 उजाडलं. डॉज, प्लिमथ, डिसोटो ही नावं तेव्हाची. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. पद्मिनीची मुळं त्या करारात आहेत.

पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं. तत्त्व अगदी सोपं आहे. वॉटर पंप इंजिनभोवती पाणी फिरवतो. गरम पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जातं, पंखा त्यावर हवा ओढतो, आणि गार झालेलं पाणी परत इंजिनात. मधला थर्मोस्टॅट इंजिन गरम होईपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. रेडिएटरचं झाकणही साधं नसतं. ते आत दाब धरून ठेवतं, आणि दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. अर्ध्या बारचा जादा दाब असेल तर 100 ऐवजी साधारण 111 अंशांना. झाकणाचं रबर गेलं की ही सवलत गेली.

म्हणून पहिला नियम: गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही. वाफ तोंडावर येते आणि भाजतं. गार झाल्यावरच हात लावायचा.

आता निदान. गाडी नेमकी कधी तापते, हे आधी बघा. आजच्या गाड्यांचा पंखा विजेवर चालतो, पद्मिनीचा पट्ट्यावर, म्हणजे इंजिन सावकाश तर पंखाही सावकाश. ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला काटा खाली येतो, तर हवा कमी पडते आहे. पट्टा ढिला आहे का बघा. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण एक-दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. उलट, ट्रॅफिकमध्ये ठीक पण काशीमिऱ्यापुढे हायवेला वेग घेतल्यावर तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाहीये, बहुतेक रेडिएटर चोंदलाय. दोन्हीकडे तापत असेल आणि रोज पाणी कमी होत असेल तर गळती शोधा: होसचे जोड, वॉटर पंपाखालचं छोटं भोक, गाडीखालचे डाग.

कुठेच गळत नाही आणि तरी पाणी संपतंय, हे खरं काळजीचं. गार इंजिन झाकण उघडं ठेवून सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसत असेल, किंवा इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहत असेल, तर हेड गॅस्केटवर संशय घ्यायचा. इंजिन खोलायची वेळ तेव्हा येते, त्याआधी नाही.

अजून एक फसवणारी गोष्ट. उन्हात गाडी बंद पडते, थोड्या वेळाने आपोआप सुरू होते, पण काटा लाल भागात गेलेलाच नसतो. हे बऱ्याचदा कूलिंगचं दुखणं नसतं. पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि पुरवठा तुटतो. जुने टॅक्सीवाले पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचे ते यासाठी.

काकांच्या गाडीत बुडबुडे नव्हते, ऑइल स्वच्छ होतं. इंजिन बंद करून, पंखा थांबल्यावर रेडिएटरच्या जाळीजवळ हात फिरवला तर वरचा भाग चटका देणारा आणि खालचा एक पट्टा चक्क कोमट. म्हणजे तिथल्या नळ्या बंद. कारणही लगेच कळलं. आमच्याकडे पाणी कमी आलं की टँकर येतो, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी रेडिएटरमध्ये जात होतं. एका बाजूला खाडी आणि मिठागरं, त्यामुळे इथलं बोअरचं पाणी जड. किटलीत बसतो तसा क्षार नळ्यांत बसला होता. शिवाय थर्मोस्टॅट जागेवर नव्हताच! गाडी तापली की तो काढून फेकायचा, हा आपल्याकडचा आवडता इलाज. त्याने इंजिन नेहमी थंड राहतं, पेट्रोल जास्त खातं आणि झीज वाढते. मूळ दुखणं तसंच राहतं.

पितळी-तांब्याच्या जुन्या रेडिएटरचा फायदा हा की तो उघडता येतो. रेडिएटरवाल्याने टाकी सोडवली, सळईने नळ्या मोकळ्या केल्या आणि परत सोल्डर मारला. थर्मोस्टॅट नवा घातला. तो बसवण्याआधी पातेल्यात गरम पाण्यात टाकून बघितला, 80 अंशांच्या पुढे गेल्यावर उघडला. नवं झाकण, नवा पट्टा, आणि आत डिस्टिल्ड वॉटर व कूलंट निम्मं-निम्मं. इंजिनला कुणी हात लावला नाही. गाडी भंगारात गेली नाही.

वालचंदना हे मॉडेल बघायलाच मिळालं नाही. हिंदुस्तान एअरक्राफ्ट सरकारने युद्धातच ताब्यात घेतली होती. 1949 मध्ये त्यांना पक्षाघात झाला, पुढच्या वर्षी त्यांनी कामातून निवृत्ती घेतली. शेवटचा काळ गुजरातमधल्या सिद्धपूरला गेला, पत्नी कस्तुरबाई शुश्रूषेला होत्या. 8 एप्रिल 1953 ला ते गेले. फियाट 1100 कुर्ल्यातून बाहेर पडू लागली ती 1954 मध्ये. तिचीच पुढची आवृत्ती 1964 ची डिलाइट, आणि 1974 पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची 20 वर्षांची मुदत 2023 च्या ऑक्टोबरअखेर संपली. आता ज्या उरल्यात त्या काकांसारख्या लोकांच्या, खाजगी नंबरच्या.