लसीला मान, माणसावर संशय : वाल्डेमार हाफकिन

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि भयभीत लोक शहर सोडू लागले. त्याच ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन तेथे पोहोचले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी लसीचे काम आरंभिले.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथील ज्यू कुटुंबात झाला. शरीरातील काही पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हे दाखवून देणारे मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू. ज्यू असल्याने मायदेशी प्राध्यापकपदाची वाट बंद झाली, तेव्हा ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तेथे सिद्ध केलेली पटकीची लस १८९२ मध्ये त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले.

प्लेगची लस करताना त्यांनी जंतू वाढवून उष्णतेने मारले. मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही. परंतु शरीर त्याची खूण ओळखते, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि ती ओळख जपून ठेवते. पुढे जिवंत जंतू शिरला, तर प्रतिकार त्वरेने सुरू होतो. लढते ते शरीरच. लस केवळ शत्रूची आगाऊ ओळख करून देते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःलाच टोचली. नंतर ती भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना देण्यात आली. त्याच वर्षी पोर्तुगीज अमलाखालील दमणमध्येही तिचा वापर झाला. लस टोचलेल्यांत प्लेगचे प्रमाण बरेच कमी आढळले. तरीही ती पूर्ण संरक्षण देत नव्हती, आणि टोचल्यावर ताप व वेदना होत.

१९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने अंत झाला. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढे पुराव्यांची छाननी झाली. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. ते भारतात परतले, पण पूर्वीचा अधिकार त्यांना लाभला नाही.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. एका चिमट्याच्या हलगर्जीपणाने हिरावलेली प्रतिष्ठा त्यांना जिवंतपणी परत मिळाली. गेलेली वर्षे मात्र मिळाली नाहीत.