हर्था एर्टन
हर्था एर्टन (२८ एप्रिल १८५४ – २६ ऑगस्ट १९२३) या ब्रिटिश अभियंत्या, गणितज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होत्या. त्यांचे मूळ नाव फीबी सारा मार्क्स. घड्याळजी असलेले वडील लवकर वारले. आईने शिवणकामावर संसार चालवला. हर्था केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयात शिकल्या. परंतु तेथे स्त्रियांना पदवी मिळत नसे, म्हणून १८८१ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची बी.एस्सी. घेतली. १८८५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ विल्यम एर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्या काळी रस्त्यांवर आर्कचे दिवे असत. पुढे हाच प्रकाश चित्रपटगृहांच्या प्रक्षेपकांतही आला. दोन कार्बन कांड्यांमधील ही विद्युतप्रज्योत मध्येच फुसफुसे व लुकलुके. याचे कारण एर्टन यांनी शोधले. प्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की धन कांडीच्या टोकावरील तप्त खळगा टोकावर न मावता कडेने वर पसरतो. तेथे त्याला हवा भिडते आणि कार्बनची नुसती वाफ न होता तो ऑक्सिजनमध्ये जळू लागतो. त्याच क्षणी विद्युतदाब एकदम घसरतो. हवा वगळून प्रज्योत बंदिस्त ठेवली असता प्रवाह कितीही वाढवला तरी आवाज होत नसे. हवा आत सोडताच तो सुरू होई.

हा निबंध १८९९ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या संस्थेत त्यांनी स्वतः वाचला आणि त्याच वर्षी त्या संस्थेच्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या. १९०२ मध्ये ‘दि इलेक्ट्रिक आर्क’ हा ग्रंथ निघाला. त्याच वर्षी रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचे नाव सुचवले गेले. विवाहित स्त्री कायद्याने पात्र नाही, असे सांगून ते नाकारण्यात आले. पती विल्यम मात्र १८८१ पासून सदस्य होते. चार वर्षांनी त्याच सोसायटीने त्यांना ह्यूज पदक दिले. पहिल्या महायुद्धात खंदकांतील विषारी वायू हटवण्यासाठी त्यांनी हातपंखा तयार केला. असे एक लाखाहून अधिक पंखे आघाडीवर पाठवले गेले.