वकिली सोडलेला वास्तुकार

बी. ए. झाल्यावर वकिली कर, असा घरचा आग्रह आहे. कदाचित म्हणूनच श्रीलंकेचे वास्तुकार जेफ्री बावा यांचे चरित्र मला जवळचे वाटले.

१९१९ साली कोलंबोत जन्मलेल्या बावांचे वडील नामांकित वकील. बावाही केंब्रिजला शिकून बॅरिस्टर झाले. पण त्या धंद्यात त्यांचे मन रमले नाही. १९४८ साली बेंतोटाजवळ लुनुगंगा हा रबराचा जुना मळा घेऊन ते तेथे बाग करू लागले. आपले ज्ञान अपुरे आहे, हे मातीत हात घातल्यावरच त्यांना उमगले. मग लंडनला शिकून १९५७ साली, वयाच्या ३८व्या वर्षी, ते वास्तुकार झाले.

त्या काळी आधुनिक घर म्हणजे सपाट छप्पर आणि पांढऱ्याशुभ्र भिंती. मुसळधार पावसात त्या भिंती शेवाळत. बावांनी उतरते छप्पर, रुंद वळचण आणि मधला चौक परत आणला. नळीच्या कौलांखाली सिमेंटचे पन्हळी पत्रे घालून गळतीही थांबवली. कोलंबोत एना डी सिल्वा यांच्यासाठी बांधलेल्या घरात चौकातून वारा खेळे. कोट्टे येथील १९८२ चे संसदभवन तळ्यात उभे आहे. १९९४ चे कंदलामा हॉटेल कड्याला बिलगून वेलींत लपले आहे.

२००३ साली बावा वारले. आमच्या कोकणातल्या घराची, पावसाचा मारा अडवणारी पडवी पाडून तेथे स्लॅब टाकायचे घाटत आहे. वकिलीचे काय करायचे ते अजून ठरत नाही. पण पडवीसाठी मात्र मी घरी भांडणार आहे.