न्हाणीघरातला विषवायू आणि हाल्डेन

जळगाव-धुळ्यात थंडी पडली की गॅस गिझर सुरू होतात. बंद न्हाणीघरात हवा अपुरी पडली, तर गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. तो कसा मारतो, हे जगाला समजावण्यात मोठा वाटा होता जॉन स्कॉट हाल्डेन यांचा.

१८६० मध्ये एडिंबरा येथे जन्मलेले हाल्डेन वैद्यक शिकले, पण रमले श्वसनाच्या अभ्यासात. १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. बहुतेक कामगारांचा जीव स्फोटाने नव्हे, तर नंतर पसरलेल्या या वायूने घेतल्याचे त्यांनी दाखवून दिले. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्याचा परिणाम पाहण्यासाठी हाल्डेन यांनी तो स्वतः हुंगला. माणसाआधी कोलमडणारे छोटे प्राणी खाणीत न्यावेत, ही सूचनाही त्यांचीच. त्यातूनच कॅनरी पक्षी खाणीत गेले. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

घर असो वा राहण्यासाठी सजवलेली गाडी, धडा तोच. गिझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी बसवावा. जळालेला वायू पाइपने थेट बाहेर सोडावा आणि ताज्या हवेचा झरोका कधी बुजवू नये. डोके जड झाले, गरगरले, तर गिझर बंद करून लगेच मोकळ्या हवेत यावे. न्हाणीघरात इशारा द्यायला कॅनरी नसतो.