कुमारी कॉर्नेलिया सोराबजी

वकिलीची पदवी घेऊ इच्छिणाऱ्या आमच्या विद्यार्थिनींपुढे आम्ही हे चरित्र ठेवीत आहोत. कॉर्नेलियाबाईंचा जन्म ता. १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे एका पारशी ख्रिस्ती कुटुंबात झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी पदवीपरीक्षेत अग्रस्थान मिळविले. परंतु त्याबद्दल मिळावयाची विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती केवळ स्त्री म्हणून त्यांस नाकारण्यात आली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल प्रभृतींच्या द्रव्यसाहाय्याने त्या १८८९ साली ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ साली विद्यापीठाच्या खास ठरावाने त्या पुरुषांबरोबर बी. सी. एल.च्या परीक्षेस बसल्या व उत्तीर्णही झाल्या. तथापि स्त्रियांस पदवी देण्याची तेथे सोयच नव्हती. ती पदवी हाती पडावयास १९२२ साल उजाडले!

मधली तीस वर्षे त्यांनी हात जोडून घालविली नाहीत. १८९७ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या एलएल. बी. झाल्या, आणि १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सतर्फे पडदानशीन विधवा व अज्ञान वारस यांच्या हक्कांसाठी झटल्या. १९५४ साली त्या निवर्तल्या.

आज पेडगावच्या मुलीस कायद्याच्या वर्गात बसण्यास खास ठराव लागत नाही. हे दार कोणी, किती वाट पाहून उघडले, एवढे तिने विसरू नये, असे आम्हांस वाटते.