आबालाल रहिमान
आबालाल रहिमान (मृत्यू: १९३१) हे कोल्हापूर संस्थानाचे दरबारी चित्रकार आणि महाराष्ट्रातील निसर्गचित्रणाच्या आरंभकाळातील महत्त्वाचे जलरंगचित्रकार होते. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी पाश्चात्त्य वास्तववादी पद्धतीचे शिक्षण घेतले आणि १८८८ मध्ये व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळवले. कोल्हापुरास परतल्यावर राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला.

कोटितीर्थ तलावाकाठी राहून आबालालांनी तेथील परिसर, पंचगंगेचा काठ, रंकाळा व त्यातील संध्यामठ ही स्थळे रंगवली. या चित्रांचे मर्म रंगसंगतीत आहे. रंगचक्रावर समोरासमोर येणारे पूरक रंग, उदाहरणार्थ निळा व नारिंगी किंवा जांभळा व पिवळा, शेजारी ठेवले असता परस्परांना उजळवतात. एकत्र मिसळले की मात्र मळकट होतात. सावली म्हणजे काळसर तपकिरी रंग, हा संकेत आबालालांच्या उत्तरकालीन निसर्गचित्रांत मागे पडतो. उन्हाच्या उबदार छटेला सावलीची थंड छटा पूरक ठरते आणि गडद रेषेवाचून प्रकाशाचा प्रत्यय येतो. फ्रान्समधील दृक्प्रत्ययवादी चित्रकारांशी या दृष्टीचे नाते जुळते. पण तिच्यातला उजेड कोल्हापूरचाच आहे.

शाहू महाराजांच्या निधनानंतर (१९२२) शोकाकुल आबालालांनी आपली हजारो चित्रे कोटितीर्थात बुडवली, अशी आख्यायिका आहे. तीतील आकडा बाजूला ठेवला, तरी त्यांची उपलब्ध चित्रे थोडी असल्याने त्यांच्या रंगविचाराची वाटचाल सलग मांडणे अवघड होते. त्यांची विद्यार्थिदशेतील काही अभ्यासचित्रे जे. जे. स्कूलच्या संग्रहात आहेत.