महाराजांची आगगाडी

कोल्हापुरात रेल्वे कोणी आणली, असा प्रश्न शाळेतल्या पोराला विचारा, उत्तर तयार असते : शाहू महाराजांनी. स्टेशनलाही त्यांचेच नाव आहे. तरीही तारखा जुळवून पाहिल्या की माणूस थोडा थबकतो. कोल्हापूर-मिरज मार्गाची पायाभरणी १८८८ साली झाली. ती झाली महाराजांच्या हस्तेच. पण महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. म्हणजे त्या वेळी ते तेरा-चौदा वर्षांचे होते, राज्याचा अधिकार त्यांच्या हाती यायला अजून सहा वर्षे होती आणि कारभार चालत होता कौन्सिलच्या सहीने, इंग्रज पोलिटिकल एजंटाच्या नजरेखाली. रेल्वेचा निर्णय मोठ्या माणसांनी घेतला होता. पायाभरणीला उभा राहिलेला राजा हा एक शाळकरी मुलगा होता.

हे मी महाराजांचे श्रेय कमी करण्यासाठी सांगत नाही. उलट मला वाटते की खरे श्रेय आपण चुकीच्या जागी शोधतो. रूळ कोणीही टाकतो; पैसा आणि सरकारची मर्जी असली की झाले. त्या रुळांवरून काय आणायचे आणि काय न्यायचे, हे ठरवायला मात्र डोके लागते. ते डोके या मुलाजवळ निघाले.

कागलच्या घाटगे घराण्यातला हा मुलगा. नाव यशवंतराव. जन्म कसबा बावड्याच्या लक्ष्मी-विलास राजवाड्यातला. आई लहानपणीच गेली. १८८४ च्या मार्चमध्ये कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाई यांनी त्याला दत्तक घेतले आणि यशवंतरावाचे शाहू झाले. दोन वर्षांनी वडील जयसिंगराव, म्हणजे आबासाहेब, हेही वारले. अकरा-बारा वर्षांचे पोर, डोक्यावर छत्र आणि घरात छाया नाही, अशी ती अवस्था. आपल्याकडे राजांच्या चरित्रात हा भाग दोन ओळींत उरकतात. मला तो नेहमी जास्त वाचावासा वाटतो.

शिक्षण आधी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि मग धारवाडला, फ्रेझर या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली. यातला धारवाडचा योग मला महत्त्वाचा वाटतो. धारवाड हे तेव्हा सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य ठाणे. शेजारी हुबळीला कंपनीचा कारखाना. पुण्यापासून मिरज, बेळगावमार्गे खाली कर्नाटकात गेलेली मीटरगेज लाईन याच कंपनीची, आणि कोल्हापूर संस्थानची मिरजेपर्यंतची गाडी चालवायला घेतली तीही हिनेच. म्हणजे रेल्वे नावाची गोष्ट कशी वाढते, स्टेशनाभोवती वखारी कशा उभ्या राहतात, कालचे खेडे आज बाजारपेठ कसे होते, हे सगळे ऐन उमेदीच्या वयात या मुलाच्या डोळ्यांसमोर घडत होते.

१८९१ साली मिरज-कोल्हापूर गाडी सुरू झाली. अंतर जेमतेम सत्तेचाळीस किलोमीटर. रुळांमधली रुंदी एक मीटर, म्हणून मीटरगेज. त्याच वर्षी बडोद्याच्या खानविलकर घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी महाराजांचा विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याधिकार हाती आला, तेव्हा त्यांना विसावे सुरू होते. आणि पुढच्याच वर्षी, १८९५ ला, स्टेशनाला लागून शाहूपुरी उभी राहिली : गुळाची पेठ.

इथे जरा थांबायला हवे, कारण कोल्हापूरचा गूळ म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकांना नीट कळत नाही. पंचगंगा-भोगावतीच्या काठचा ऊस, गुऱ्हाळे, आणि शेतकऱ्याच्या घरातला वर्षाचा एकमेव रोख पैसा. रेल्वे नव्हती तेव्हा हा माल बैलगाड्यांतून घाट उतरून कोकणातल्या बंदरांकडे जायचा. बैल थकायचे, पाऊस लागला तर ढेप पाझरायची, आणि भाव व्यापारी म्हणेल तो. महाराजांनी व्यापाऱ्यांना सवलतीने जागा दिल्या आणि पेठ रुळांच्या अंगावर वसवली. ढेप गाडीतून उतरली की वखारीत, वखारीतून वॅगनमध्ये. पुण्याला गेल्यावर मात्र तिथून पुढची मुंबईची लाईन ब्रॉडगेज, त्यामुळे माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. तो त्रास १९७१ पर्यंत होता. तरी बैलगाडीपेक्षा हे शंभर पटींनी बरे. आजही कोल्हापूरहून गाडी सुटली की पहिले नाव लागते ते गूळ मार्केट. स्टेशनाला गुळाचे नाव असणारा मुलूख दुसरा असेल तर मला ठाऊक नाही.

पुढे याच लाईनवर, मिरजेच्या अलीकडे, महाराजांनी वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसवले. गाव आधी आणि स्टेशन मागून, ही जगाची रीत. इथे रुळांकडे पाहून गाव आखले गेले.

रेल्वेने सगळे चांगलेच आणले असे नाही. १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि पाठोपाठ प्लेग. दुष्काळात बाहेरून धान्य आणून स्वस्त दराने विकण्याची व्यवस्था महाराजांनी केली, जनावरांसाठी छावण्या काढल्या. विशी ओलांडलेला राजा गावोगाव फिरत होता. पण जी गाडी धान्य आणते तीच रोगही आणते. प्लेग देशभर पसरला तो बराचसा प्रवाशांच्या बोचक्यांबरोबर. मग लोकांना गावाबाहेर झोपड्यांत हलवणे आले. लोक चिडले, रडले. महाराज हटले नाहीत.

वेदोक्ताचे प्रकरण, त्यातून आलेली कटुता, १९०२ ची विलायतवारी, केंब्रिजची मानाची पदवी आणि ते विलायतेत असतानाच २६ जुलै १९०२ रोजी निघालेला, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम, हे सगळे वाचकांना तोंडपाठ आहे. मी तिथे रेंगाळत नाही. १९०१ पासून निघालेल्या बोर्डिंगांबद्दल मात्र एक सांगतो. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य, अशी एकामागून एक वसतिगृहे कोल्हापुरात निघाली. ती नुसत्या शहरातल्या पोरांसाठी नव्हती. खेड्यातला बाप पोराला घेऊन कोल्हापूरच्या स्टेशनवर उतरू लागला, हाही त्या सत्तेचाळीस किलोमीटरचाच एक उपयोग. खाँसाहेब अल्लादियाखाँ कोल्हापूरच्या दरबारात राहिले, पंजाबचे मल्ल इथल्या मातीत उतरू लागले, १९१२ ला खासबागेचा आखाडा बांधून झाला. कुस्ती आणि गाणे यांच्या इतिहासात रेल्वेचा उल्लेख कोणी करत नाही. मल्ल काय पंजाबातून चालत येत होते?

तिसऱ्या वर्गाच्या बाकावर सगळे शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे रेल्वेने जात मोडली, असे म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्याच स्टेशनवर पाणी मात्र जातीधर्माप्रमाणे वेगळे मिळत असे. बाक एक झाला म्हणून घोट एक होत नाही. महाराजांना हे पक्के कळले होते, म्हणून तर अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळे यांना कोल्हापुरात चहाचे हॉटेल चालवायला त्यांनी पाठबळ दिले आणि स्वतः जाऊन, सगळ्यांदेखत, तिथला चहा घेतला. राजाने कप उचलल्यावर बरोबरच्या बड्या मंडळींची काय पंचाईत झाली असेल, ते मी कल्पनेवर सोडतो. १९२० च्या मार्चमध्ये माणगावला परिषद झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर हेच तुमचे खरे पुढारी, असे महाराजांनी तिथे जाहीर केले. हे माणगाव रुकडीपासून जवळ, याच रेल्वेच्या टापूतले. रुकडीचा पंचगंगेवरचा पूल आपण गाडीतून रोज ओलांडतो. माणगावची आठवण किती जणांना होते कोण जाणे.

आता लोखंडाकडे येतो, कारण हा लेख लिहावासा वाटला तो लोखंडामुळे.

बँकेच्या नोकरीत असताना माझी काही वर्षे शिरोली एमआयडीसीत गेली. पुलाची शिरोली म्हणतात ती हीच. पंचगंगेचा रस्त्याचा पूल ओलांडला की पुणे-बंगलोर हमरस्त्याला लागून सगळ्या फौंड्र्या. कॅश क्रेडिटच्या खात्यांची तारण तपासणी हे माझे काम. महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट हातात घेऊन भंगाराच्या ढिगांभोवती फिरायचे, आणि कागदावरचे टन आणि जमिनीवरचे टन जुळतात का ते पाहायचे. एकदा अशाच एका ढिगात ओतीव लोखंडाचे रेल्वेचे जुने स्लीपर दिसले. पालथ्या पातेल्यासारखा आकार, आणि त्यावर उठून आलेली इंग्रजी अक्षरे : एम. एस. एम. म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. सदर्न मराठा रेल्वे १९०८ ला या मोठ्या कंपनीत मिळाली, आणि १९५१ ला तीही सरकारी दक्षिण रेल्वेत विलीन झाली. ढिगातला तो तुकडा म्हणजे किमान चाळीसेक वर्षांपूर्वी ओतलेले बीड. मालकांना मी अक्षरे दाखवली. त्यांनी तुकडा पायाने उलटा केला, जुने बीड चांगले असते म्हणाले, आणि संध्याकाळच्या तावात तो भट्टीत गेला. दोन दिवसांनी त्याचे कुठल्या तरी ट्रॅक्टरचे ब्रॅकेट झाले असणार.

मला वाईट वाटले का? थोडे. पण लगेच आठवल्या त्या पन्हाळ्याच्या तोफा.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि बाहेरून येणारे लोखंड आटले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० ला औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली होती आणि तिथे लोखंडी नांगर ओतले जात होते. कच्चा मालच नाही म्हटल्यावर कारखाना बंद पडायची वेळ. लक्ष्मणरावांनी शाहू महाराजांकडे धाव घेतली आणि महाराजांनी पन्हाळगडावर पडून असलेल्या जुन्या तोफा त्यांना देऊन टाकल्या. त्या वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसाने गडावरच्या तोफा भट्टीत घालायला द्याव्यात, आणि तेही दुसऱ्याच्या संस्थानातल्या कारखान्याला! आज कोणी असे केले तर दुसऱ्या दिवशी कोल्हापूर बंद.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात हळहळ वाटेल आणि ती रास्त आहे. माझ्यातला कादंबरीकारही त्या तोफांपाशी घुटमळतो. बँकेत पस्तीस वर्षे काढलेला माणूस मात्र महाराजांच्या बाजूने कौल देतो. पडून असलेले भांडवल त्यांनी कामाला लावले. हीच त्यांची रीत होती. नदी वाहून जाते म्हणून भोगावतीवर राधानगरीचे धरण हाती घेतले. पैशांअभावी ते अर्धे राहिले आणि त्यांच्या मागे पुरे झाले. कापूस बाहेर जातो आणि कापड विकत आणावे लागते म्हणून १९०६ ला कापडगिरणी काढली. ती शाहू मिल २००३ ला बंद पडली. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराज गेले तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

आणि ती मीटरगेजची गाडी? ती मी लहानपणी पाहिली आहे. मावशीबरोबर मिरजेला जाताना खिडकीतून डोके काढायचे, डोळ्यात कोळशाचा कण जायचा आणि मग सगळा प्रवास मावशीच्या पदराचा बोळा फुंकून डोळ्यावर धरण्यात संपायचा. १९७१ ला लाईन ब्रॉडगेज झाली, मुंबईला थेट गाडी सुरू झाली. मीटरगेजची ती काळी इंजिने आमच्या रुळांवरून गेली ती गेलीच. पुढे देशभरातली वाफेची बहुतेक इंजिने लिलावात निघाली. निवृत्तीनंतर दिल्लीला गेलो तेव्हा राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात मीटरगेजचे एफ-७३४ पाहिले. १८९५ ला अजमेरच्या कारखान्यात बांधलेले, भारतात तयार झालेले पहिले इंजिन. शाहूपुरीची पेठ वसली त्याच वर्षीचे. किती लहानसे दिसते ते! आमच्या आठवणीतल्या राक्षसाच्या मानाने अगदी घरगुती. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे, हुबळीला २०२० पासून रेल्वेचे संग्रहालय आहे.

तोफांचे नांगर करणाऱ्या राजाला भंगारात गेलेल्या इंजिनांबद्दल फार दुःख झाले असते असे मला वाटत नाही. पण नांगर निदान शेतात दिसत होता. त्या गाडीने काय केले ते आज कोल्हापुरात एका ठिकाणी उभे राहून पोराला दाखवायचे झाले, तर मला गुळाची पेठ, बोर्डिंगे, जयसिंगपूर आणि माणगाव अशी दिवसभराची फेरी मारावी लागते. म्हणून संस्थानच्या त्या आगगाडीचे एक दालन कोल्हापुरात असावे, असे मी गेली काही वर्षे भेटेल त्याला सांगतो आहे. मूळ इंजिन मिळणार नाही, मग ठेवणार काय, असे लोक विचारतात. शिरोलीच्या एका जुन्या खातेदारापाशी मी हा विषय काढला. नकाशे मिळवून द्या, म्हणाले. चाके, सिलिंडर, धुराडे इथेच ओतून देऊ. पॅटर्न लाकडाचा करायचा की ॲल्युमिनिअमचा, एवढेच त्यांनी विचारले.